रानवाटेवरचा नाका

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना पैनगंगा ओलांडण्यापूर्वी कनेरगाव लागते. या गावाला सहसा कोणी नुसते कनेरगाव म्हणत नाही. कनेरगाव नाका म्हणतात. १९४८ पर्यंत नदीच्या या बाजूस निजामाचे राज्य होते आणि त्या बाजूस वऱ्हाड. पुढे सरहद्दी बदलल्या, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले, १९९९ च्या महाराष्ट्रदिनी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला; गावाच्या नावातला नाका मात्र तसाच राहिला. नाका म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवण्याची जागा. कोण आला, कोठून आला, किती वाजता आला, एवढे नाकेदाराने लिहून ठेवावयाचे. आलेल्याचा न्याय करणे हे त्याचे काम नव्हे.

विषयाचा आरंभ या नावापासून करण्याचे कारण असे की, ज्या उपकरणाविषयी आम्हांला बोलावयाचे आहे, तेही एक नाकाच आहे. फरक इतकाच की हा नाका रानातल्या जनावरांचा आहे आणि त्यावर बसलेला नाकेदार कधी झोपत नाही. झाडाच्या बुंध्याला किंवा खांबाला पट्ट्याने बांधलेली ही एक लहानशी डबी असते. समोरून जनावर गेले की ती आपण होऊन त्याचे छायाचित्र घेते व त्यावर तारीख आणि वेळ उमटविते. परदेशात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी शिकारी अशा डब्या रानवाटांवर बांधून ठेवतात. आपल्याकडे त्यांचा उपयोग वाघ मोजण्यासाठी होतो, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. परंतु ज्याच्या हरभऱ्यात रात्री रोही शिरतो, त्या शेतकऱ्याला ह्या डबीचा काही उपयोग आहे काय, हा प्रश्न अजून फारसा कोणी विचारलेला नाही. तोच आज आम्ही विचारणार आहोत.

माग काढण्याची जुनी विद्या

जनावर दिसण्यापूर्वी त्याला ओळखणे ही विद्या आपल्या मुलखात नवीन नाही. ओढ्याच्या ओल्या वाळूत उमटलेला खूर, काट्याला अडकलेला केस, बांधावर पडलेल्या लेंड्या, खुडलेला शेंडा, एवढ्यावरून जाणता माणूस सांगत असे की, येथून रात्री कोण गेले, एकटे गेले की कळपाने गेले, आणि जाताना भ्यालेले होते की चरत रमतगमत गेले. फासेपारधी समाजाने तर हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी जतन केले. फासे कोठे मांडावयाचे हे ठरविण्यासाठी जनावराची वाट आणि वेळ या दोन्ही गोष्टी अचूक माहीत असाव्या लागत. संस्थानिकांच्या शिकारखान्यांचेही या ज्ञानावाचून चालत नसे. कोल्हापूर संस्थानात चित्ते बाळगून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होत असे. परंतु चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढण्यापूर्वी काळवीट कोठे आहे हे सांगणारा माणूस अगोदर रानात फिरून आलेला असे.

या मागकाढ्यापुढे तीन प्रश्न असत. जनावर कोणते? ते कोठून येते? आणि केव्हा येते? चौथा प्रश्न, म्हणजे ती एकंदर किती आहेत हा, त्याला फारसा पडत नसे. त्याला एक जनावर हवे असे. सगळ्यांची खानेसुमारी त्याच्या कामाची नव्हती. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे सर्व विवेचन याच चौथ्या प्रश्नापाशी येऊन अडणार आहे.

शिकारीचे ते दिवस आता उरले नाहीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करावयाची शिकारही बंद झाली. त्यामुळे आपल्याकडे ‘हंगामापूर्वीची टेहळणी’ असे म्हटले, तर तो हंगाम शिकारीचा असू शकत नाही. तो पिकाचा हंगाम असतो. सोयाबीन उगवून वर येते तेव्हाचा, तुरीला शेंग धरते तेव्हाचा आणि हरभरा घाट्यावर येतो तेव्हाचा. रानातल्या जनावरांना हे पंचांग आपल्याइतकेच पाठ असते.

बंदुकीकडून भिंगाकडे

या उपकरणाचा जन्म शिकाऱ्याच्याच हातून झाला, ही गोष्ट मनोरंजक आहे. अमेरिकेतील जॉर्ज शायरस हा गृहस्थ प्रथम बंदूक घेऊन हरणांमागे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने बंदूक ठेवून कॅमेरा उचलला. रात्रीच्या वेळी होडीतून काठाकाठाने जाऊन तो प्रकाशाच्या झोतात हरणांची चित्रे घेऊ लागला. पुढे त्याने वाटेवर दोरी ताणून ठेवण्याची युक्ती काढली. जनावराचा पाय दोरीला लागला की दारूचा भडका उडे आणि जनावर आपले चित्र आपणच काढून घेई. १९०६ सालच्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली.

आपल्या देशात हीच युक्ती एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वापरली. रानवाटेवर तार लावून त्याने रात्री फिरणाऱ्या वाघांची चित्रे घेतली व ती १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वाघाच्या अंगावरचे पट्टे पाहून एक वाघ दुसऱ्यापासून निराळा ओळखता येतो, हे त्याच्या चित्रांतून दिसून आले. या साध्या वाटणाऱ्या निरीक्षणाचे मोल पुढे साठसत्तर वर्षांनी कळले.

डबीच्या पोटात काय असते?

आजच्या डबीत दोरी नसते की दारू नसते. तिच्या तोंडाशी खाचाखाचांचे पांढरट झाकण असते आणि त्यामागे उष्णता ओळखणारा एक लहानसा स्फटिक असतो. प्रत्येक सजीवाच्या शरीरातून उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. या स्फटिकाला मात्र जाणवतात. झाकणावरील खाचांमुळे समोरच्या जागेचे अदृश्य पट्टे पडलेले असतात. एखादे ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले की, स्फटिकावर पडणारी उष्णता एकदम बदलते, त्यातून विजेचा सूक्ष्म झटका निर्माण होतो आणि कॅमेरा जागा होतो. रात्र असेल तर डबीतील दिवे अशा तांबड्यापलीकडच्या प्रकाशाने समोरचे दृश्य उजळतात की, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही किंवा अगदी अंधुक दिसतो. म्हणून रात्रीची चित्रे काळीपांढरी असतात.

येथे एक बारकावा आहे. हा स्फटिक उष्णता मोजीत नाही. उष्णतेतील हलता फरक मोजतो. थंडीच्या पहाटे गार मातीपुढून रोही गेला की तो फरक ठळक असतो. परंतु वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, दगड आणि माती जनावराच्या अंगाइतकीच किंवा त्याहूनही अधिक तापते, आणि मग पुढून गेलेले जनावर डबीला दिसतच नाही. उलट वाऱ्याने हलणारे तापलेले गवत तिला जनावर वाटते आणि शेकडो रिकामी चित्रे ती घेऊन ठेवते. डबीत चित्र नाही याचा अर्थ जनावर आले नाही असा काढणे, ही नवशिक्याची पहिली चूक होय.

पहिल्याच दिवशी पदरी निराशा येऊ नये म्हणून मांडणीचे चार साधे नियम सांगून ठेवतो. डबी हरणाच्या खांद्याच्या सुमारास, म्हणजे गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली असावी. वाटेपासून ती तीनचार पावले दूर आणि वाटेला तिरपी लावावी. काटकोनात लावली तर जनावर क्षणात निघून जाते आणि चित्रात नुसते शेपूट उरते. तिचे तोंड शक्यतो उत्तरेकडे करावे, म्हणजे सूर्य भिंगात येत नाही. आणि समोरचे गवत कापून काढावे. जागा निवडताना मात्र जुन्या मागकाढ्याचे शहाणपणच कामास येते. रोही ठरावीक जागी पुनःपुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग सापडला तर ती जागा सोडू नये. नाला जेथे धुऱ्याला भिडतो, कुंपणाखाली जेथे माती घासून गुळगुळीत झालेली असते, पाणवठ्याकडे जेथे दोन वाटा एकत्र येतात, त्या जागी डबी बांधावी. यंत्राला वाट सापडत नाही. ती माणसानेच शोधून द्यावी लागते.

परदेशातला शिकारी काय पाहतो?

अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा शिकारी उन्हाळ्याच्या शेवटी अशा डब्या लावतो. तेथील हरणाच्या नराला दरवर्षी नवी शिंगे फुटतात आणि हिवाळ्यात ती गळून पडतात. एकेका नराची शिंगे निराळ्या ठेवणीची असल्याने शिकाऱ्याला त्या हंगामापुरता प्रत्येक नर ओळखता येतो. हा मोठा नर संध्याकाळी सहा वाजता ओकांच्या झाडीतून येतो, हा लहान नर पहाटे येतो, अशी टिपणे तो ठेवतो आणि हंगाम उघडला की त्या वेळी त्या जागी जाऊन बसतो. यात शिकाऱ्याला फार अन्याय्य सवलत मिळते असे तेथेही पुष्कळांना वाटू लागले. ॲरिझोना राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी अशा कॅमेऱ्यांचा वापर बंद केला. निमित्त असे झाले की, ते राज्य कोरडे, पाणवठे थोडे, आणि एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. पाण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही त्याला पाण्यावर गाठणे ही कसली शिकार, असा तो आक्षेप होता. तो आपल्याही मनाला पटण्यासारखा आहे.

आपल्याकडे शिंगांची ही ओळख सर्वत्र चालणारी नाही. बोलीत आपण सर्वांनाच हरीण म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन निरनिराळी कुळे आहेत. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे गळतात व पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा आणि रोही म्हणजे नीलगाय, ही गाईबैलांच्या कुळातली. त्यांची शिंगे एकदा आली की जन्मभर राहतात. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या शेतांत ज्यांचा उपद्रव होतो ती मुख्यतः रोही, काळवीट आणि रानडुक्कर. कान फाटलेला किंवा शिंग मोडलेला एखादा नर सोडला, तर चित्रावरून हा रोही तोच कालचा की दुसरा, हे छातीठोकपणे सांगणे कठीण असते.

किती आहेत?

आता आपण त्या चौथ्या प्रश्नापाशी आलो. समजा, कनेरगावच्या शिवारात एका शेतकऱ्याने नाल्याच्या तोंडाशी डबी लावली आणि महिन्याभरात तिच्यात रोह्यांची ३०० चित्रे जमली. तो ती चावडीवर नेऊन म्हणेल, पाहा, तीनशे रोही! परंतु तीनशे चित्रे म्हणजे तीनशे रोही नव्हेत. एकच कळप रोज रात्री दोनदा त्या वाटेने गेला आणि प्रत्येक वेळी डबीने पाच चित्रे घेतली, तर तीस दिवसांत तीनशे चित्रे होतात. कळप कदाचित सहासात जनावरांचाच असेल. म्हणून अभ्यासक सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत घेतलेली एकाच जातीची चित्रे एकच भेट म्हणून धरतात. तरीसुद्धा भेटींची संख्या म्हणजे जनावरांची संख्या होत नाही.

वाघाच्या बाबतीत ही अडचण कशी सुटली ते पाहण्यासारखे आहे. तळ्यातील मासे मोजावयाचे आहेत असे समजा. ५० मासे पकडले, खूण करून सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा ५० पकडले. त्यांत खूण केलेले ५ निघाले. म्हणजे पकडलेल्यांपैकी दहावा हिस्सा खुणेचा होता. तेव्हा खुणेचे ५० मासे हाही एकंदर माशांचा सुमारे दहावा हिस्सा असला पाहिजे, आणि तळ्यात सुमारे ५०० मासे असले पाहिजेत. वाघाला खूण करावी लागत नाही. निसर्गाने त्याच्या अंगावर पट्ट्यांच्या रूपाने ती करूनच ठेवली आहे. कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी १९९० नंतरच्या वर्षांत याच तत्त्वावर कॅमेरे लावून वाघांची गणना केली, आणि पुढे देशभर ती पद्धत रूढ झाली. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. वाघांची त्यांत ७६,६५१ होती. म्हणजे सुमारे साडेचारशे चित्रांमागे वाघाचे एक. त्या ७६ हजार चित्रांवरून काढलेला वाघांचा अंदाज होता २,९६७. चित्रे किती आणि जनावरे किती, यांतील अंतर या दोन आकड्यांवरून कोणाच्याही ध्यानात यावे.

रोह्याला पट्टे नाहीत. म्हणून रोही, सांबर, चितळ यांची गणना करताना निराळी रीत वापरतात. रानात सरळ रेषा आखून तिच्यावरून पायी चालावयाचे, दिसलेले प्रत्येक जनावर रेषेपासून किती अंतरावर होते ते मोजावयाचे, आणि दूरची जनावरे नजरेतून किती सुटली असतील याचा हिशेब करून एकंदर संख्येचा अंदाज बांधावयाचा. वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याजवळ मचाणावर बसून रात्रभर जनावरे टिपण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धत आपल्यापैकी काहींनी अनुभवली असेल. तो अनुभव अविस्मरणीय असतो. तथापि एकच जनावर दोन पाणवठ्यांवर जाऊ शकते आणि दुसरे त्या रात्री कोठेच जात नाही. म्हणून तिला गणना म्हणणे धाडसाचे ठरते. वनखाते आता त्या रात्रीला ‘निसर्ग अनुभव’ म्हणते, ते यथार्थ आहे.

हा सर्व खटाटोप सांगण्याचे कारण काय? कारण असे की, रोह्यांच्या उपद्रवाबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात एक बाजू म्हणते, ती हजारो झाली आहेत, मारून टाका; आणि दुसरी म्हणते, ती बिचारी थोडी उरली आहेत, राहू द्या. दोन्ही बाजूंजवळ बहुधा आकडा नसतो. ज्याचे पीक एका रात्रीत गेले त्याला सात रोही सत्तर वाटतात, आणि जो शहरात बसून बोलतो त्याला सत्तर रोही सात वाटतात. पहिल्याचे दुःख खोटे नाही व दुसऱ्याची कळकळही खोटी नाही. खोटा आहे तो दोघांचाही आकडा.

मग शेतकऱ्याला उपयोग कोणता?

आकडा देऊ न शकणारी ही डबी शेतकऱ्याच्या काय कामाची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याची गरज पहिल्या तीन प्रश्नांची आहे आणि त्या तिन्हींची उत्तरे ती देते.

रब्बीच्या दिवसांत या मुलखातला शेतकरी शेतावर जागल करतो. थंडीत शेकोटी पेटवून, डबे वाजवून, हाळ्या देऊन तो रात्र काढतो आणि दिवसा पुन्हा कामाला जुंपतो. सापाविंचवाचे भय वेगळेच. पंधरा दिवसांच्या चित्रांवरून जर असे दिसून आले की, रोही नाल्याच्या एकाच खिंडीतून आणि बहुधा पहाटे दोन ते चारच्या दरम्यान येतात, तर सबंध रात्र आणि सबंध बांध राखण्याचे कारण उरत नाही. दोन तास आणि एक खिंड राखली तर पुष्कळ काम होते. कुंपणाला पैसा थोडा असेल तर तो कोठे घालावा हे कळते. नुकसान करणारा रोही आहे की डुक्कर आहे की गावातलीच मोकाट गाय आहे, हेही कळते. हा शेवटचा शोध कित्येकदा गावाला गैरसोयीचा वाटतो, परंतु तो खरा असतो. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे वेळेत अर्ज करून पंचनामा करून घ्यावयाचा असतो. त्या वेळी तारीख-वेळ असलेले चित्र जवळ असले तर शेतकऱ्याच्या शब्दाला आधार मिळतो.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट आम्हांला वाटते ती ही की, डबी एकट्याची असू नये. माझ्या शेतातून हाकललेला रोही आकाशात उडून जात नाही. तो शेजाऱ्याच्या शेतात जातो. शेजारी हाकलतो तेव्हा तो तिसऱ्याकडे जातो, आणि पहाटे परत माझ्याकडे येतो. प्रत्येकाने आपापला बांध राखला तर सगळे गाव जागते आणि रोही मात्र पोटभर खातो. याउलट गावाने मिळून सातआठ डब्या शिवाराच्या वाटांवर लावल्या आणि महिन्याची चित्रे एकत्र मांडली, तर कळप दिवसा कोठे लपतो, कोठून निघतो आणि कोणत्या क्रमाने शेते फिरतो, याचा नकाशा तयार होतो. मग राखण वाटून घेता येते आणि खर्चही वाटून घेता येतो.

तीन मर्यादा

या उपकरणाबरोबर तीन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे.

पहिली कायद्याची. परदेशात कॅमेऱ्यापुढे मीठ किंवा मका टाकून हरणांना बोलावतात. आपल्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत मारण्याबरोबर फासे लावणे, हाकणे आणि आमिष दाखविणे याही गोष्टी येतात. तेव्हा चित्रासाठी म्हणून टाकलेले आमिषसुद्धा आपल्याला गोत्यात आणू शकते. अभयारण्यात तर परवानगीवाचून डबी बांधूच नये. पिकाचे नुकसान करणाऱ्या रोह्याच्या किंवा डुकराच्या बाबतीत अधिकाऱ्याने लेखी हुकूम देण्याची तरतूद कायद्यात आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या कारणासाठी त्याला ती लागू होत नाही. हुकूम कोणाला द्यावा हे ठरविणे वनाधिकाऱ्याचे काम आहे, आणि त्याच्यापुढे आरडाओरडीपेक्षा पुरावा ठेवणे शहाणपणाचे आहे.

दुसरी मर्यादा माणुसकीची. डबी माणूस आणि जनावर असा भेद करीत नाही. पहाटे शेताकडे जाणाऱ्या बायाबापड्या तिच्यात येतात. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात जंगलातले कॅमेरे स्त्रियांना किती जाचक झाले, याचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला आहे. एका स्त्रीचे चित्र गावात फिरविले गेल्याची हकीकत त्यात आहे. ज्या रानात बाया मोकळेपणाने गाणी म्हणत, बोलत जात, तेथे त्या गप्प झाल्या. म्हणून डबी कोठे आहे हे गावात सर्वांना सांगावे, बायांच्या वाटेवर ती लावू नये, आणि माणसांची चित्रे न पाहता न दाखविता पुसून टाकावीत.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. जनावर कोठून येते हे कळल्यावर त्या खिंडीत तारेतून विजेचा प्रवाह सोडण्याचा मोह काहींना होतो. हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला रोही चिकटण्यापूर्वी राखणीला आलेला शेजारी, वासरामागे धावणारे पोर किंवा स्वतः शेतकरीच चिकटतो. असे मृत्यू आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. वाट कळणे हे ज्ञान आहे. त्या वाटेवर मृत्यू मांडणे हा त्या ज्ञानाचा दुरुपयोग आहे.

शेतातले शेजारी

शेवटी दोन हकीकती सांगून हे विवेचन पुरे करतो. अकोले तालुक्यातील ऊस आणि वस्त्यांनी भरलेल्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीचे कॅमेरे लावले. २०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे जंगल म्हणण्याजोगे जंगल नाही, अशा त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आणि पाच तरस असल्याचे दिसून आले. एवढे शेजारी रोज रात्री दारावरून जात होते आणि बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

दुसरी हकीकत आपल्या अंगणातली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधला होता. त्या पावसाळ्यात तो निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, नांदेड, पैनगंगेचे अभयारण्य, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडीत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल १,३०० किलोमीटरांच्या वर गेली होती. तो चालला तो बहुतांशी आपल्या शेतांतून, ओढ्यानाल्यांच्या आडोशाने आणि रात्री. वाघ हा रोह्याचा आणि डुकराचा शत्रू. ज्या जनावरांना आपण शिव्या देतो तीच त्याची शिदोरी असते. शिवारातल्या पीकचोरांचा आणि त्यांच्या कोतवालाचा रस्ता एकच आहे, हे या प्रवासाने दाखवून दिले.

म्हणून आम्हांला वाटते की, रानवाटेवरच्या या नाक्याचा उपयोग गावाने स्वतः शिकून घ्यावा. नाकेदाराची वही नीट लिहिली गेली तर पुढचा निर्णय न्यायाने होतो. वहीच नसली तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. डबी सांगेल ती कोण, कोठून आणि केव्हा एवढेच. किती, हे ठरविण्यासाठी रीतसर मोजणी करावी लागेल. आणि काय करावे, हे मात्र कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते कनेरगावच्या चावडीवर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून आपणच ठरवावयाचे आहे.